सूर्यामुळे ऐकू आलं नाही

माधव, तू गेल्यापासून रोज दुपारी मी तुझ्या जागेवर बसतो. रेडिओचा आवाज अगदी बारीक करतो, जाळीला कान टेकवतो आणि तो बंद पडावा म्हणून वाट बघतो. बातमी टिपायला बसवलेला माणूस बातमी येऊ नये म्हणून बसलाय, हे कुणाला सांगायची सोय नाही. मुंबईचा आवाज येतो, स्वच्छ, खणखणीत. मी लिहून घेतो. बातम्या संपतात आणि मला वाटतं, आजही तुझ्या बाजूची साक्ष मिळाली नाही. मग लगेच उलटी भीती वाटते. उद्या खरंच बंद पडला, आणि नेमकं त्याच दुपारी कुणाच्या जिवावरचं काही सांगायचं असलं, तर?

माधव हे तुझं नाव नाही. खरं छापलं तर देवणीत तुझ्या आईच्या दारात शिपाई येऊन बसतील. हे नाव तुला आवडलं नसतं, तेही ठाऊक आहे. "कुण्या कीर्तनकाराचं नाव दिलंस गड्या," म्हणाला असतास.

तू काय करायचास ते आता सांगायला हवं, कारण लोक दुसरंच सांगतायत. सरहद्दीपलीकडे देश मोकळा झाला, आपल्यावर अजून निजामाचंच राज्य आहे. बाहेरची वर्तमानपत्रं वाटेतच अडवतात. म्हणून लातूरच्या बाहेर, कुठे ते सांगत नाही, एका धाब्याच्या घरात तू दुपारच्या मराठी बातम्या ऐकायचास. तू टिपायचास, मी पत्रक करायचो, आणि उन्हं कलायच्या आत ते मोटारीने औशाकडे, निलंग्याकडे, देवणीकडे जायचं, कधी मिरच्यांच्या पोत्यात, कधी बांगड्यांच्या पेटीत. तुझा नियम एकच. कानाने ऐकलं नाही ते कागदावर जाणार नाही. मधला शब्द निसटला तर तेवढी जागा कोरी.

या कोऱ्या जागेवरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, कोरी जागा म्हणजे शत्रूला दिलेली जागा. वाक्य कुठे चाललंय ते कळतं ना, मग पुरं करायला काय हरकत आहे? तू टाक पुसत म्हणायचास, "तू पत्रकं खाऊन मोठा झालास. तुला ढेकरसुद्धा घोषणेचा येतो." खोटं नाही ते. माझे वडील पत्रकं आणायचे, आई ती धान्याच्या कणगीत लपवायची आणि मी त्यांवरच अक्षरं जुळवायला शिकलो. ज्वारीच्या भुशातून निघालेला प्रत्येक शब्द मला खरा वाटायचा. तू पहिला माणूस भेटलास, ज्याने छापलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे याला कसं कळलं?"

नांदेडला, गोदावरीच्या घाटावर, धुळीच्या दिवसांत आपण बसलो होतो. सूर्य मावळतीला टेकला होता, तांब्याच्या ताटासारखा, डोळ्यांना सहज बघवेल असा. तू माझी मान धरून वळवलीस. "ताटाच्या मधी बघ. काय दिसतं?" एक काळा ठिपका होता. माशी बसावी तसा. घाटावरच्या आणखी काहींनी तो पाहिला आणि कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. कुणीतरी हळूच म्हणालं, "राज्य बुडायचं लक्षण हाय."

मी तर उडालोच. घरी येईपर्यंत मथळा तयार होता: सूर्यालाही डाग, सिंहासनालाही डाग. तू हसून हसून खोकलास.

"डाग सूर्याला हाय. सिंहासनाचा काय संबंध?"

"लोकांना धीर येईल."

"आणि डाग महिन्याभरात गेला की? धीर परत घ्यायचा का?"

मग तू सांगितलंस. हैदराबादच्या कॉलेजात तू पदार्थविज्ञान शिकलास ते उर्दूत, म्हणून तुझ्या तोंडी आधी शम्सी दाग यायचं आणि मग तू मराठी शोधत बसायचास. सूर्यावर वादळं होतात. डाग असला की त्याच्या आसपास कधी कधी भडका उडतो. आपल्याला ना ऊन जास्त लागतं ना चटका बसतो. पण वर, फार वर, हवेचा एक थर आहे. लांबचा रेडिओ ऐकू येतो तो त्या थरामुळे. लहर तिथे आपटते आणि खाली येते, भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा तशी. "भडका उडाला की भिंतीच्या अलीकडं चिखल होतो," तू म्हणालास. "चेंडू चिखलातच रुततो. भिंतीपर्यंत पोचतच न्हाई."

"आणि रात्री?"

"रात्री आपल्याकडं सूर्य कुठाय? जिकडं ऊन, तिकडंच चिखल. घटकाभरात वाळतो बी."

"आधी कळतं का?"

"न्हाई. भडक्याचा उजेड येतो तेव्हाच चिखल होतो. निरोप्या आणि दरोडेखोर एकाच घोड्यावर."

तेव्हा मला त्या वाक्याची गंमत वाटली होती. आता रोज दुपारी ते आठवतं.

मग ती दुपार आली. औशात दुसऱ्या दिवशी झेंडा लावायचा बेत होता. सरहद्दीपलीकडे सोलापुरात बसलेले आपले पुढारी त्याबद्दल काय म्हणतात ते दुपारच्या बातम्यांत येणार होतं. लावा म्हणाले तर लावायचा, थांबा म्हणाले तर थांबायचं. तू आत ऐकत होतास. मी बाहेर बाभळीखाली राखणीला होतो. तू दारात आलास. कपाळावर घाम, हातात तसाच कागद.

"गेला," म्हणालास.

"कोण गेला?"

"आवाज."

मी आत धावलो. मुंबई नव्हती. तू काटा सरकवलास तर हैदराबाद लागलं, बारीक का होईना पण लागलं. मी पेटलोच. निजामाचा आवाज येतो आणि मुंबईचा येत नाही, याहून वेगळा पुरावा काय हवा? तू मान हलवत राहिलास. हैदराबाद जवळचं, त्याची लहर जमिनीलगत सरपटत येते, तिला वरची भिंत लागत नाही. मुंबईची लागते. "लक्षात घे," तू म्हणत होतास, "खरखरसुद्धा न्हाई. कुणी आडवं येऊन बोंबललं असतं तर बोंब तरी ऐकू आली असती. हे तसं न्हाई." मी ऐकत नव्हतो. मोटारीची वेळ झाली होती.

त्या दिवशीच्या पत्रकात पुढाऱ्यांच्या बातमीची जागा कोरी गेली. तिच्याखाली तुझ्या हट्टाने एक ओळ: सूर्यामुळे ऐकू आलं नाही.

संध्याकाळी रेडिओ लावला तर मुंबई शेजारच्या खोलीत बसल्यासारखी बोलली. थांबा, असाच निरोप होता. औशाची मोटार केव्हाच गेलेली, रस्त्यावर रात्रीची गस्त, आणि आपल्यापाशी पायांशिवाय काही नव्हतं. सकाळी औशातले लोक कोरी जागा वाचून आपल्या मनाने निघाले. लाठ्या पडल्या. तात्यांच्या मुलाचा, श्रीपतीचा, हात मोडला आणि मोडक्या हातानेच त्याला तुरुंगात नेलं.

तात्या म्हणजे औशाजवळचे शेतकरी, आपल्या गटात सगळ्यांत वडील. ते आले तेव्हा बसले नाहीत. उभ्याउभ्याच तुला म्हणाले, "दुपारी सूर्यानं गिळला आन् सांजच्याला ओकून टाकला? मास्तर, आमी अडाणी हाव, येडे न्हाई."

तू पुन्हा भिंत, चेंडू, चिखल सुरू केलंस. कुणीतरी मागून म्हणालं, "उर्दू कॉलेजात शिकलेला. मीठ कुणाचं खाल्लं ते कळतंय." तेव्हा तुझा आवाज पहिल्यांदा चढला. "उर्दूत शिकलो म्हणून सूर्य सरकारी झाला का?" कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

मी तुझ्या बाजूने उठलो. मी म्हणालो, सरकारने मुंबईचा आवाज कोंडला, माधवचा काय दोष? उद्याच्या पत्रकात हेच छापू. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तात्यांचासुद्धा. हे कुणालाही पटण्यासारखं होतं. त्या क्षणी तू गप्प बसला असतास तर सुटला असतास. तू गप्प बसला नाहीस.

"सरकारनं केलं न्हाई. मला वाचवायला खोटं लिहू नको."

सगळे गेल्यावर मी तुला वाटेल ते बोललो. देवणीचा बैल म्हणालो. तू म्हणालास, "देवणीचा बैल नांगराला चांगला असतो, माहीत न्हाई का?" मग एकदम गंभीर झालास. "जे जे बिघडतं ते सगळं त्याच्या नावावर मांडतोस तू. पाऊस न्हाई, निजाम. ताप आला, निजाम. त्याला किती मोठा करशील? त्याचे हात सूर्यापर्यंत पोचतात असं तू लोकांना सांगितलंस, तर त्याच्याशी लढायला कोण उभं राहील?"

याचं उत्तर उद्या देतो म्हणालो. पण तुझं अंग तेव्हाच तापलं होतं, आणि नंतरच्या दिवसांत विषमज्वराने तुला बोलायचं भान ठेवलं नाही. गटातलं कुणी भेटायला आलं नाही. तात्या देवणीच्या वेशीपर्यंत येऊन परत गेले, हे मला मागाहून कळलं. तुझी आई, जिला मी मावशी म्हणतो, उशाशी बसून म्हणत होती, "सूर्याची टवाळी केली लेकरानं. तेचंच ऊन बाधलं." मी तिच्यावर खेकसलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग कशानं गेलं माझं लेकरू? तू सांग, तू तर लिवतोस."

आता परवा तुझी शोकसभा आहे. गटाचं ठरलं: भांडण मिटवायचं. माधवला सरकारने फसवलं, रेडिओ सरकारने बंद पाडला, तो निर्दोष होता, तो हुतात्मा. हे मी लिहायचं. सगळ्यांना हवं आहे. तुझी बदनामी थांबते, श्रीपतीच्या हाताचा जाब सरकारकडे जातो, तात्यांचा राग बसायला जागा मिळते. फक्त ते खोटं आहे, आणि तू ते एकदा तोंडावर नाकारलं आहेस. आणि खरं काय, तेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आवाज गेला तेव्हा मी बाभळीखाली होतो. तू सूर्य म्हणालास म्हणून सूर्य, एवढंच माझ्यापाशी आहे. न ऐकलेलं लिहायचं नाही, हा नियम मी तुझ्याबाबतीतच मोडू का? की पाळू, आणि तुला त्या संशयात तसाच सोडून देऊ?

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता उन्हं कलली आहेत.

शोकसभेचा मजकूर ऐकायला तात्या दुपारी आले. तुझ्यानंतर पहिल्यांदाच या खोलीत. दाराशी थबकले, मग आत येऊन भिंतीला टेकून बसले. मी त्यांना वरचं काहीच वाचून दाखवलं नाही. बातम्यांची वेळ झाली होती आणि आजच्या बातम्या साध्या नव्हत्या. उद्या औशाचे लोक तुरुंगासमोर जमणार आहेत. जमायचं की नाही, हे आज सोलापूर सांगणार होतं.

"मोठा कर की जरा," तात्या म्हणाले. "मलाबी ऐकू दे."

मी आवाज वाढवला. बातम्या सांगणारी बाई बोलत होती. पुढाऱ्यांच्या सभेबद्दल सांगायला तिने सुरुवात केली आणि विहिरीत उतरत गेल्यासारखा तिचा आवाज खोल, खोल गेला आणि नाहीसा झाला.

मी काटा हलवला. काही नाही. खरखरसुद्धा नाही. माधव, तू हेच म्हणाला होतास आणि मी मोटारीच्या घाईत होतो. खोलीत एवढी शांतता झाली की बाहेर मेंढ्यांच्या गळ्यातली घंटी ऐकू आली.

तात्या ताडकन उठले. "काय केलंस? कशाला हात लावलास?"

"काही नाही तात्या."

"लावलास! मघाशी फिरवलास तू त्यो कान!"

"तुम्हीच म्हणालात मोठा कर."

त्यांनी मला बाजूला सारलं. स्वतः बटण फिरवलं, पेटीवर थाप मारली, बॅटरीची तार ओढून पाहिली. काटा फिरता फिरता हैदराबाद लागलं, बारीक. ते चमकले, माझ्याकडे वळले. ओठांवर शिवी आलेली दिसत होती. मग त्यांनी कान पेटीला लावला, पुन्हा मुंबईवर आले, आणि डोळे मिटून ऐकत राहिले, काहीच नसलेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांचा हात पेटीवरून हळूहळू खाली आला.

"त्या दिवशीबी असंच झालं असंल का रे?"

किती दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होतो! हो म्हणायला जीभ वळवळत होती. मी म्हणालो, "मी खोलीत नव्हतो, तात्या. तो असंच म्हणाला होता."

ते खाली बसले. पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

तुझी साक्ष मिळाली, माधव. मला आनंद व्हायला हवा होता. दोन श्वास झालाही असेल. मग मोटारीचा विचार आला. मोटार थांबणार नव्हती, आणि बाईने सांगायला घेतलेलं वाक्य कुठे जाऊन टेकणार होतं ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

"थांबा असं लिव," तात्या म्हणाले. "न्हाई तर पुन्हा कुणाचं तरी पोरगं."

"तसं ऐकलं नाही आपण."

"मग कोरंच धाडतोस? कोरं धाडून काय झालं ते ठावं हाय ना?"

मी जागा कोरी ठेवली. त्याखाली तुझी ओळ घातली. आणि त्याखाली, वेगळी रेघ ओढून, लिहिलं: संध्याकाळची बातमी सायकलवर येईल, तोवर कुणी घर सोडू नये, ही बातमी नाही, ही माझी विनंती आहे. खाली माझं नाव घातलं. खरं नाव. आजवर इतकी पत्रकं लिहिली, एकालाही नाव लावलं नव्हतं.

तात्यांनी विचारलं, "काय लिवलंस ते वाच." मी वाचलं.

"नाव कामून घातलं? मरायचंय का?"

"बातमीला नाव लागत नाही, तात्या. माझ्या बोलण्याला लागतं."

ते कागदाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही. मग म्हणाले, "माझंबी घाल. म्या हितं बसलो व्हतो, माझ्या म्होरं बंद पडला, म्या सोता पेटी बडवून पाहिली, असं घाल. औशात तुझं कोण ऐकतंय? माझं ऐकतील." आणि म्हणाले, "मास्तरचं ऐकलं न्हाई म्या."

एवढंच. मी त्यांचंही नाव घातलं. मोटार गेली. ते बाहेर सायकलमध्ये हवा भरतायत. औशाच्या त्या सकाळनंतर गटाने घेतलेली जुनी सायकल आहे. संध्याकाळी जे ऐकू येईल ते घेऊन आपणच जाणार म्हणतात. या वयात, गस्तीच्या रस्त्याने. मी जातो म्हटलं तर हसले. "तुला गस्तवाल्यानं हटकलं तर भाषण करशील. म्या म्हणीन, रेडा हरवलाय."

तेव्हा तुला द्यायचं राहिलेलं उत्तर आता देतो, जमेल तसं. पत्रकात तुझी ओळ गेली, ती खरी आहे. भडका सूर्याने उडवला, निजामाने नाही. त्याचे हात तिथवर पोचत नाहीत, हे मी मान्य केलं आणि लिहूनही दिलं. पण माधव, सूर्य तर सगळ्यांवरच भडकला असेल. सरहद्दीपलीकडे आज दुपारी कुणाचातरी रेडिओ बंद पडला असेल, त्याने चार शिव्या घातल्या असतील आणि सकाळच्या वर्तमानपत्राची वाट बघत तो झोपी जाईल. आपल्याकडे त्याच घटकाभराच्या शांततेत माणसाचा हात मोडतो. अख्खा तालुका एका लपवलेल्या पेटीवर आणि एका माणसाच्या कानावर टांगून ठेवला, हे काही सूर्याने केलेलं नाही. तुझं सगळं मान्य करूनही हे उरतं. यावर तू काय म्हणाला असतास? काहीतरी म्हणालाच असतास. टाक पुसत, खाली बघत, मला चीड येईल असं काहीतरी. मी दिवसभर ते ऐकायचा प्रयत्न करतोय.

ऐकू येत नाही, म्हणून ती जागा कोरी ठेवतो.

बाहेरून तात्यांची हाक आली, वेळ झाली म्हणून. रेडिओ लावतो.